कामापुरती इंग्लिश (बेळगाव सीमाभाग)

कामापुरती इंग्लिश म्हणजे एखादं ठराविक काम करायला किंवा परदेशात जाऊन राहायला जेवढी आणि जशी इंग्लिश लागते तेवढीच धरून शिकणं, म्हणजे नर्सला वॉर्डातली, वेल्डरला साईटवरची, जहाजावर जाणाऱ्या पोराला डेकवरची. शिक्षणशास्त्रात याला 'विशिष्ट हेतूंसाठी इंग्लिश' असं भारदस्त नाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापार आणि तंत्रज्ञान इंग्लिशमधनं चालायला लागलं तसा १९६० च्या दशकापासनं हा वेगळा विषय म्हणून वाढला. यात सुरुवात व्याकरणापासनं होत नाही, कामापासनं होते: हा माणूस कुणाशी बोलणार, काय वाचणार, काय लिहिणार आणि चुकला तर काय बिघडणार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी ह्या पट्ट्यात इंग्लिश शिकायची हौस भरपूर, क्लास पण गल्लोगल्ली, पण आल्या आल्या हे प्रश्न विचारणारे क्लास कमीच.

इथला शिकणारा

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि २००४ पासनं महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, ते सगळ्यांना पाठ आहे. त्यातनं इथल्या मराठी माणसाला एक सवय लागली जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सहसा नसते. घरात मराठी, तहसीलदार ऑफिसात कन्नड, कॅम्पात आणि खडेबाजारात हिंदी-उर्दू, चोर्ला घाट उतरला की कोंकणी. आठवीतलं पोरगं सुद्धा समोरचा माणूस बघून भाषा बदलतं आणि आपण काही विशेष केलं असं त्याला वाटत पण नाही. मग तोच माणूस इंग्लिशच्या क्लासात बसून "मला भाषा जमत नाही हो सर" म्हणतो. जमतात की! त्याला पाचवी भाषा चुकत चुकत बोलायची लाज वाटते एवढंच, कारण कन्नड तो बाजारात चुकत शिकला आणि इंग्लिश मात्र मार्क कापणाऱ्या मास्तरांकडनं.

मराठी माध्यमातल्या पोरांना खरा दणका बसतो तो एसएसएलसी म्हणजे दहावी झाल्यावर. पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलं की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लिश होऊन जातं, आणि काल ज्याला प्रकाशसंश्लेषण येत होतं त्याला आज आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागतं. कुणी नाव देत नसलं तरी कामापुरत्या इंग्लिशशी पोरांची पहिली गाठ पडते ती इथंच. दुसऱ्या बाजूला कॉन्व्हेंटची परंपरा पण जुनी, कॅम्पातलं सेंट पॉल्स १८५६ चं. प्राथमिक शाळेचं माध्यम मातृभाषाच असावं हा सरकारचा आग्रह सुप्रीम कोर्टानं ६ मे २०१४ च्या निकालात बंधनकारक धरला नाही, आणि इंग्लिश माध्यमाकडं ओढा तर त्याच्या आधीपासनंच होता. त्यामुळं क्लासात शेजारी शेजारी दोन तऱ्हेची पोरं बसतात, एकाला बोलता येतं पण अर्ज लिहिता येत नाही, दुसऱ्याला धडा वाचून कळतो पण तोंड उघडत नाही, आणि दोघांना एकच टेन्सचा तक्ता दिला जातो.

दवाखान्यातली इंग्लिश

बेळगावला मेडिकल कॉलेज १९६३ पासनं आहे आणि त्याच्या आजूबाजूला नर्सिंग कॉलेजं वाढली, त्यामुळं जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून बाहेर जाणं हा ह्या भागातला ओळखीचा रस्ता झाला. इंग्लंडला जायचं तर तिथली नर्सिंग कौन्सिल दोन परीक्षा मानते. एक आयईएल्ट्स, म्हणजे सर्वसाधारण इंग्लिशची परीक्षा, ज्यात वाचन, ऐकणं आणि बोलणं ह्यात ७ आणि लेखनात ६.५ बँड लागतो. दुसरी ओईटी, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, ऑस्ट्रेलियात तयार झालेली आणि आरोग्याच्या १२ व्यवसायांसाठी असलेली. हिच्यात ५०० पैकी वाचन, ऐकणं, बोलण्यात ३५० आणि लेखनात ३०० लागतात.

दोन्हीतला फरक समजून घेण्यासारखा आहे. आयईएल्ट्सच्या लेखनात शहरीकरण चांगलं की वाईट असला निबंध येऊ शकतो, आणि दहा वर्षं आयसीयूत काढलेल्या सिस्टरला त्यावर अडीचशे शब्द सुचत नाहीत, मग ती स्वतःला ढ समजायला लागते. ओईटीत पेशंटच्या नोंदी देतात आणि त्यावरनं दुसऱ्या डॉक्टरला किंवा घरी येणाऱ्या नर्सला पत्र लिहायचं, १८० ते २०० शब्दांत. कुठली नोंद घ्यायची आणि कुठली सोडायची हे तिला क्लासपेक्षा वॉर्डानं जास्त शिकवलेलं असतं. तोंडी भागात दोन रोल-प्ले, प्रत्येकी ५ मिनिटांच्या आसपास, समोरचा माणूस पेशंट नाहीतर नातेवाईक होतो. आणि तिथं नुसतं व्याकरण बघत नाहीत, पेशंटचं ऐकून घेतलं का, घाबरलेल्याला धीर दिला का, सांगितलेलं त्याला समजलं का हे विचारलं का, ह्याला पण मार्क आहेत. आपल्याकडं "काही होत नाही, घाबरू नका" म्हणून पाठीवर हात ठेवला की झालं, तिथं तेच चार वाक्यांत बोलून दाखवावं लागतं, आणि सराव नेमका त्याचाच कुणी घेत नाही.

परीक्षा पास झाली तरी सगळं येतं असं नाही. कॉम्प्युटरवरची लेखी परीक्षा आणि इंग्लंडमध्ये जाऊन द्यायची प्रॅक्टिकल (ऑस्की) वेगळीच असते, आणि वॉर्डात म्हातारे पेशंट पुस्तकातलं बोलत नाहीत. "आय फील पूअरली" म्हणजे बरं वाटत नाहीये, "वॉटरवर्क्स"ची तक्रार म्हणजे लघवीची. शिफ्ट बदलताना हँडओव्हर ठराविक क्रमानं द्यायचा असतो, आत्ता काय झालंय, मागचा इतिहास काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. ह्याला एसबार म्हणतात, आणि माझ्या मते पहिला धडा हाच असावा, कारण हा क्रम मराठीत पक्का झाला की इंग्लिश त्याच्या मागनं येते.

जहाज, विमान आणि मोजके शब्द

गोवा जवळ असल्यामुळं खानापूर आणि बेळगाव तालुक्यातली बरीच पोरं हॉटेल लाईनमध्ये जातात, पर्यटकांशी बोलून बोलून कानानं इंग्लिश उचलतात आणि तिथनं क्रूझवर जायचं बघतात. काही जण सरळ मर्चंट नेव्हीत. समुद्रावरची इंग्लिश मुद्दाम आवळून बांधलेली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ मध्ये ठराविक वाक्यांचा एक संच मंजूर केला, त्यात बोलायच्या आधीच सांगायचं असतं की हा प्रश्न आहे, सूचना आहे की इशारा आहे. आकडे एकेक अंक सुटा करून बोलायचे, १५० म्हणजे 'वन-फाईव्ह-झिरो'. 'मे', 'माईट', 'शुड', 'कुड' हे शब्द शक्यतो टाळायचे, कारण परवानगी, शक्यता आणि सल्ला ह्यात घोटाळा होतो. आता गंमत बघा, स्पोकन क्लासात हेच शब्द सभ्यपणा म्हणून आधी शिकवतात.

विमानांचं तर आणखी कडक. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली, आणि बऱ्याच कारणांपैकी एक होतं रेडिओवरचं "टेक-ऑफ"बद्दलचं गोंधळाचं वाक्य. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरताच राखून ठेवला, बाकी वेळी 'डिपार्चर' म्हणायचं. मार्च २००८ पासनं आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या पायलट आणि कंट्रोलरना भाषेची सहापैकी किमान चौथी पातळी लागते, आणि चौथीवाल्याला दर ३ वर्षांनी पुन्हा परीक्षा. बेळगावात ही शिस्त काही परकी नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर इथंच, आणि वायरलेसवर काम केलेला रिटायर्ड हवालदार अजून फोनवर पत्ता सांगताना "अल्फा, ब्राव्हो, चार्ली" करूनच सांगतो. त्याची इंग्लिश कच्ची असेल, पण त्यानं सांगितलेला पत्ता चुकत नाही.

आखात आणि कारखाना

आयटीआय करून वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन म्हणून आखातात जाणाऱ्याला रोज बोलायला हिंदी पुरते, हे खरं आहे. इंग्लिश लागते ती परमिट टू वर्क (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) वाचायला, सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बोलण्यात, काय सांगितलं ते कळायला, केमिकलच्या डब्यावरची चिठ्ठी वाचायला आणि सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्ट समजायला: बेसिक किती, ओव्हरटाईम किती, रूम कंपनीची का, परतीचं तिकीट कुणाचं. दुबईत कॉन्ट्रॅक्टच्या अरबी आणि इंग्लिश मजकुरात फरक निघाला तर अरबीच धरतात, म्हणून इंग्लिश कळली तरी एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नये. दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट सहसा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) निघतो आणि १८ देशांत नोकरीला जायला त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे आपल्या सरकारची जाण्याची परवानगी, लागतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सर्व्हिस चार्ज घेता येत नाही. एजंट नोंदलेला आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, पण ते पोर्टल नीट वाचता येणं ही सुद्धा कामापुरती इंग्लिशच झाली की.

बाहेर न जाता पण हे सगळं लागतं. उद्यमबागेतली फाउंड्री आणि मशिन शॉप, हत्तरगीकडं विमानांचे पार्ट बनवणारे कारखाने, इथं परदेशी गिऱ्हाईकाचं ऑडिट असलं की सीएनसी मशिनवरच्या पोराला ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) दाखवून "हा पीस का रिजेक्ट केला" हे तीन वाक्यांत सांगावं लागतं. त्याला काम डोळे झाकून येतं, शब्द पण निम्मे इंग्लिशच आहेत, व्हर्नियर, बोअर, कास्टिंग, फक्त त्यांच्यामधली क्रियापदं मराठी-कन्नड आहेत. अशा माणसाला सहा महिन्यांचा कोर्स कशाला? इंजिनीअरिंगच्या पोरांचं वेगळं, त्यांचं चार वर्षं शिक्षणच इंग्लिशमध्ये होतं, अडतं ते इंटरव्ह्यूत.

राहण्यापुरती इंग्लिश

परदेशात नोकरीची भाषा दिवसाचे आठ-दहा तास, बाकी वेळ घरमालक, बँक आणि दवाखाना. इंग्लंडमध्ये घराचं डिपॉझिट साधारण ५ आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घरमालकानं ते ३० दिवसांत संरक्षण योजनेत ठेवायचं असतं, पण हे विचारायला एक वाक्य तोंडात तयार पाहिजे. जीवघेणी वेळ असेल तर ९९९, तेवढी नसेल पण सल्ला पाहिजे असेल तर १११. फोनवर समोरच्याचं तोंड दिसत नाही, हातवारे चालत नाहीत, म्हणून फोनचा सराव वेगळा करावा लागतो.

इथल्या लोकांची खास अडचण कागदांवरच्या नावांची. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृतपणे बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. कर्नाटकातल्या मार्क्स कार्डावर आडनावाऐवजी नुसतं इनिशियल असू शकतं, आधारवर पूर्ण नाव, आणि परदेशातल्या ऑफिसातल्या बाईला ही दोन माणसं वाटतात. हे दोन्ही एकच आहेत असं सांगणारं चार ओळींचं साधं पत्र लिहिता येणं हे इथल्या कुठल्याही कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात घालायला पाहिजे.

क्लास आणि लागणारा वेळ

टिळकवाडीच्या फर्स्ट गेटपासनं पुढं फलक बघत गेलं की तीस दिवसांत फाडफाड इंग्लिश देणारे भेटतात. केंब्रिजच्या अंदाजानं पार शून्यापासनं बी-१ पातळीला म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावण्याएवढ्या इंग्लिशला शिकवणीचे ३५० ते ४०० तास लागतात, बी-२ ला ५०० ते ६००. रोज एक तास धरला तर हिशेब तुम्हीच करा. दहावी झालेला माणूस शून्यावर नसतो म्हणून थोडं लवकर होतं, पण तीस दिवसांत होतं ते फार तर धाडस. चांगला मास्तर आधी कामाचे खरे कागद आणायला सांगतो, हँडओव्हरचा फॉर्म, परमिट, इन्स्पेक्शन रिपोर्ट, मग त्यातलीच वाक्यं काढून बोलून घेतो, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवतो. आणि मराठीतनं समजावून सांगायला लाजत नाही. वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड, असल्या क्लासात माणूस इंग्लिश शिकत नाही, गप्प बसायला शिकतो.

आयईएल्ट्सचा निकाल साधारण २ वर्षंच धरतात, तेव्हा कागदपत्रं तयार नसताना उगाच आधी परीक्षा देऊन ठेवण्यात अर्थ नाही. फॉर्म भरताना अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग ह्यातलं कुठलं लागतं तेही बघायला लागतं, कॅनडात कायम राहायला जाणाऱ्याला जनरल, युनिव्हर्सिटीला सहसा अकॅडमिक. जर्मनीत नर्स म्हणून नोंदणी व्हायला मात्र सर्वसाधारणपणे जर्मनच बी-२ पातळीची मागतात, तिथं आयईएल्ट्सचा ८ बँड दाखवून काही उपयोग नाही.