एकच गोळी, दोन उलटे कोड

गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातून असो वा म्हापशा-मडगावच्या इस्पितळातून, घरी सोडताना मिळालेला डिस्चार्जचा कागद आपण फाईलमध्ये घालतो आणि विसरून जातो. इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात मात्र त्या कागदाचं काम तेव्हाच सुरू होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचून कोडर त्याला एक अक्षर आणि दोन-तीन आकडे देतो. हे आकडे आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणातले. १९९० साली ते मंजूर झालं. विम्याचे दावे, आजारांची आकडेवारी, मृत्यूच्या कारणांची नोंद या सगळ्याला आधार या कोडचा.

ॲड्रिनल ग्रंथींच्या बाबतीत तर दशांश चिन्हानंतरचा आकडा फार मोलाचा आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या दोन ग्रंथी, एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. रक्तदाब, साखर, शरीरातलं मीठ, आजारपणाशी झुंजण्याची ताकद हे सगळं त्यांच्या कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन या हार्मोनांवर चालतं. वर्गीकरणात त्यांचे विकार मुख्यतः ई२४ ते ई२७ या घरांत येतात.

समजा, डिचोलीचे एक शेतकरी काही महिने थकलेत, वजन उतरलंय, उठलं की चक्कर येते, मीठ खावंसं वाटतं. रंग काळवंडलाय. घरचे म्हणतात, शेतातलं ऊन. पण तळहाताच्या रेषा, जुना व्रण आणि हिरड्यासुद्धा नव्याने काळ्या पडल्या असतील तर? हिरड्यांना ऊन लागत नाही. ग्रंथी काम करेनाशी झाली की मेंदूतली पिट्युटरी तिला जागं करायला एसीटीएच हे हार्मोन भरमसाट सोडते आणि त्याच्यामुळेच त्वचा काळी पडते. थॉमस ॲडिसन यांनी लंडनमध्ये १८५५ साली हे चित्र नोंदवलं. रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त आणि सकाळचं कॉर्टिसॉल खालावलेलं दिसलं की संशय बळावतो.

आता कोड कोणता? डॉक्टरांनी ‘ॲडिसन’, म्हणजे ग्रंथीच निकामी झाल्याचा हा आजार, लिहिलं तर ई२७.१. अवस्था एकदम ढासळून रुग्ण शॉकमध्ये आला असेल तर ई२७.२. नुसतं ‘ॲड्रिनल इन्सफिशियन्सी’ लिहिलं तर ई२७.४, म्हणजे ॲड्रिनलच्या हार्मोनांची कारण न सांगितलेली कमतरता. कोडर अंदाज बांधत नाही, बांधूही नये. कागदावर जे आहे तेवढंच तो उचलतो.

ग्रंथी क्षयरोगाने पोखरली असेल, तर मुख्य कोड संसर्गजन्य आजारांच्या प्रकरणात जातो, ए१८.७. त्याला जोड म्हणून ई३५.१ लागतो. हे बारकावे आपल्या देशात महत्त्वाचे आहेत, कारण इथे टीबी अजून ओसरलेला नाही. शिवाय टीबीवरचं रिफाम्पिसिन हे औषध शरीरातलं कॉर्टिसॉल लवकर संपवतं, त्यामुळे कॉर्टिसॉलच्या जागी दिल्या जाणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवावा लागतो. ई२७.४ एवढंच पाहून पुढच्या डॉक्टरांना हे कसं सुचावं?

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या आकड्याची, ई२७.३ ची. औषधामुळे आलेली कमतरता. दमा, सांधेदुखी, त्वचेचे विकार यांवर प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन ही कॉर्टिसॉलसारखं काम करणारी स्टेरॉइडं दिली जातात. योग्य देखरेखीखाली ती उत्तम औषधं आहेत. पण जुनी चिठ्ठी दाखवून फार्मसीतून तीच गोळी महिनोन्महिने आणणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, कातडी पातळ होते. तेव्हा कोड असतो ई२४.२, औषधजन्य कुशिंग, म्हणजे कॉर्टिसॉलसारख्या औषधाचा अतिरेक. मग कोणीतरी सांगतं, ‘स्टेरॉइड वाईट, बंद करा’, आणि गोळी एका दिवसात थांबते. बाहेरून आयतं मिळत होतं म्हणून आतली ग्रंथी झोपलेली असते. ताप येतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आता कोड ई२७.३. आधी अतिरेक, मग अभाव, आणि दोन्हींचं मूळ एकच गोळी. ते मूळ नोंदवायलाही वेगळा कोड आहे, वाय४२.०. तो लागला नाही, तर हा त्रास नेमका स्टेरॉइडपायी झाला हे आकडेवारीत दिसत नाही.

आयसीडी-११ ही नवी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. तिच्यात ॲड्रिनलची कमतरता ५ए७४ खाली येते आणि कारणाचे कोड तिला जोडून लिहिता येतात. सोय चांगली आहे, पण जोडायला कारण आधी कागदावर हवं. म्हणून डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना सरळ विचारा: कमतरता कशामुळे, ते लिहिलंय का? आधी घेतलेल्या स्टेरॉइडचं नाव, डोस आणि किती महिने घेतलं तेही लिहून घ्या. आणि ताप आला तर डोस किती वाढवायचा, उलट्यांनी गोळी पोटात टिकली नाही तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन कुठे मिळेल, हेही त्याच कागदावर असू द्या.