वादळात घर किंवा वाडी पडली तर: पंचनामा, पात्रता आणि कागदपत्रं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत घरांवरचे पत्रे उडाले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते हे दुसरं चक्रीवादळ आलं. दोन्ही वेळा मदत जाहीर झाली, पण सारखंच नुकसान झालेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला पैसे मिळाले आणि दुसरा हेलपाटे घालत राहिला, असंही पाहायला मिळालं. बहुतेक वेळा फरक कागदांचा होता, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मदतीचा पाया म्हणजे पंचनामा. शेती-बागेचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. (या पदांची नावं आता बदलली आहेत, पण गावात अजून हीच चालतात.) पंचनाम्यात जे लिहिलं नाही, त्याचे पैसे येत नाहीत. त्यामुळे वारा थांबल्यावर झाडं तोडायची, पत्रे गोळा करायची घाई करू नका. आधी फोटो काढा. घर चारही बाजूंनी, आतून छप्पर आणि भिजलेलं सामान, वाडीतलं प्रत्येक पडलेलं झाड. मग तलाठ्याला कळवा. झाडांची संख्या आवर्जून लिहून घ्या, कारण तौक्तेनंतर राज्याने नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये दिले होते. कोकणात वाडी गुंठ्यांत असते, हेक्टरच्या हिशेबात ती हरवते. जे मुंबईत राहतात आणि ज्यांची गावातली घरं बंद असतात, त्यांनी शेजाऱ्याला किंवा भावकीतल्या कुणाला पंचनाम्याच्या वेळी हजर राहायला सांगावं. सही करण्याआधी पंचनामा पूर्ण वाचा.

आता पात्रता आणि रक्कम. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये आहेत. अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्या घरासाठी ४,०००, पण नुकसान किमान १५ टक्के असायला हवं. झोपडीला ८,००० आणि गोठ्याला ३,०००. आंबा, काजू, नारळ अशा बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५००, कमाल २ हेक्टरपर्यंत, आणि नुकसान किमान ३३ टक्के. होडी पूर्ण गेली तर १५,०००, दुरुस्तीला ६,०००. दुभती गाय-म्हैस दगावली तर ३७,५००. माणूस गेला तर वारसांना ४ लाख. राज्य सरकार यात भर घालू शकतं. निसर्गच्या वेळी पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि बागांना हेक्टरी ५०,००० दिले होते. म्हणून प्रत्येक वादळानंतर निघणारा शासन निर्णय स्वतः वाचावा.

कागद फार नाहीत: आधार कार्ड, आधारशी जोडलेलं बँक पासबुक, शेतीसाठी सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), घरासाठी घरपट्टीची पावती व ग्रामपंचायतीचा घराचा उतारा. होडीसाठी नोंदणी आणि मासेमारी परवाना. जनावराचं शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून करून घ्या, त्याआधी पुरू नका.

खरी अडचण सातबाऱ्यावरच्या नावांची. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत, काही परदेशात, काही माणसं वारलेली आणि वारसनोंद झालेली नाही. बाग एकजण राखतो, पण पैसे त्याच्या खात्यात यायचे तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. वादळानंतर वीज नाही, फोन नाही, तेव्हा या सह्या कुठून आणणार? म्हणून हे काम गणपतीत किंवा मे महिन्यात, सगळे गावात असताना करून ठेवा. वारसनोंद तर आजच तलाठ्याकडे अर्ज देऊन सुरू करा, तिला वेळ लागतो. घराची घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर असेल, तर तीही बदलून घ्या.

पंचनामे झाले की तहसीलमध्ये याद्या तयार होतात. यादीत तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) लागत असेल तर तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा लावून ती करायची, मग रक्कम थेट खात्यात जमा होते. पुष्कळ लोकांचे पैसे इथेच अडकतात, कारण आधार जोडलेलं खातं बंद पडलेलं असतं. बँकेत जाऊन ते आधीच तपासा.

फळपीक विमा हा वेगळा मार्ग आहे. हवामान आधारित विम्याची भरपाई पंचनाम्यावर नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. विमा काढलेला असला तरी पंचनामा सोडू नका.

यादीत नाव नसेल किंवा नुकसान कमी दाखवलं असेल, तर तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा. फोटो आणि वरच्या कागदांच्या प्रती जोडा, अर्जाच्या दोन प्रती करा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर तारखेसह शिक्का घेऊनच बाहेर पडा.