हार्पर्स फेरी : ‘इमानी’ ठरवल्या गेलेल्या एका माणसाची शिळा

पोटोमॅक आणि शेनान्डोआ या नद्यांच्या संगमावर, वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्व टोकाला हार्पर्स फेरी हे गाव आहे. वस्ती तीनशेच्या आत. गावाच्या खालच्या भागात मात्र पावलापावलावर काही ना काही लिहिलेलं आहे. स्टेशनजवळ अमेरिकन यादवी युद्धातल्या १८६२च्या वेढ्याची माहिती देणाऱ्या युद्ध खात्याच्या जुन्या लोखंडी पाट्या आहेत. रेल्वेच्या भरावावर एक छोटा स्तंभ आहे. एका इमारतीच्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत : १८८९, १९४२ आणि सगळ्यांत वर १९३६. त्या वर्षीच्या मार्चमध्ये पाणी साडेछत्तीस फुटांवर गेलं आणि पूल वाहून गेले. ती रेघ बघायला मान वर करावी लागते.

या सगळ्या खुणांमध्ये १९३१ साली बसवलेली एक ग्रॅनाइटची शिळा आहे. गुलामीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राउन या गोऱ्या माणसानं गुलामांचं बंड पेटवायला इथल्या सरकारी शस्त्रागारावर घातलेल्या १८५९च्या छाप्याबद्दल सगळ्यांनी वाचलेलं असतं, या शिळेबद्दल फारसं कुणी वाचलेलं नसतं. गावातल्या स्मारकांचा खरा इतिहास समजून घ्यायचा तर माझ्या मते सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते.

शिळा हेवर्ड शेपर्डच्या नावाची आहे. शेपर्ड कृष्णवर्णीय होता, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इथल्या स्टेशनात सामान वाहण्याचं काम करायचा, आणि तो गुलाम नव्हता. ही शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा गुंता तिथेच आहे. त्याची बायकामुलं विंचेस्टरला होती. गाव तेव्हा व्हर्जिनिया राज्यात होतं, आणि त्या काळच्या व्हर्जिनियात मोकळ्या कृष्णवर्णीयाचं जिणं सोपं नव्हतं. १८०६च्या कायद्यानुसार गुलामीतून सुटलेल्या माणसानं वर्षभरात राज्य सोडावं अशी अपेक्षा होती, आणि राहायचं तर कागदपत्रं जवळ लागत. अशा राज्यात हा माणूस नोकरी करून घर चालवत होता.

१६ ऑक्टोबर १८५९च्या रात्री ब्राउनच्या माणसांनी पूल आणि शस्त्रागार ताब्यात घेतलं. मध्यरात्र उलटल्यावर पूर्वेकडे जाणारी गाडी येऊन थांबली. पुलावरचा पहारेकरी दिसेना, म्हणून शेपर्ड त्याला शोधायला रुळांवरून पुढे गेला. अंधारातून ‘थांब’ असा हुकूम आला. तो मागे वळला आणि गोळी पाठीत लागली. तसाच तो स्टेशनात परत आला. आवाज ऐकून गावातला डॉक्टर धावत आला, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेपर्ड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळमळत पडून होता. गुलामी मोडायला आलेल्या माणसांच्या हातून पडलेला पहिला बळी एक मोकळा कृष्णवर्णीय कामगार होता. ही वेदना खरीच आहे आणि कुठल्याही बाजूच्या सोयीसाठी ती झाकता येत नाही.

त्या दिवशी मेलेल्यांत गावचा महापौरही होता. स्टेशनचा कारभार तोच बघायचा, म्हणजे शेपर्डचा तो वरिष्ठ. त्याच्या मृत्युपत्रात एका गुलाम कुटुंबाला मुक्त करण्याची तरतूद होती, त्यामुळे त्याच्या मरणानं ते कुटुंब सुटलं. उलट ब्राउनच्या बाजूनं लढताना पडलेल्या डेंजरफील्ड न्यूबीची बायको आणि मुलं गुलामीतच राहिली. ‘लवकर ये, मला सोडव’ अशा आशयाची बायकोची पत्रं त्याच्याजवळ सापडली. पुढे तिला दूर दक्षिणेत विकलं गेलं. न्यूबीच्या नावाची शिळा १९३१ साली कुणी बसवली नाही.

नंतरची तीस-पस्तीस वर्षं मी भरभर ओलांडतो. शस्त्रागार १८६१ मध्येच जळालं, युद्धात गाव अनेकदा या हातातून त्या हातात गेलं, १८६३ मध्ये ते वेस्ट व्हर्जिनिया या नव्या राज्यात आलं. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट १८६७ची आहे. टेकडीवर मुक्त झालेल्या गुलामांसाठी शाळा निघाली, तिचंच पुढे स्टोरर कॉलेज झालं. १८८१ मध्ये फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून सुटलेला कृष्णवर्णीय नेता या कॉलेजात आला आणि ब्राउनवर बोलला. ज्या वकिलानं ब्राउनला फासावर पाठवलं, तो त्या दिवशी व्यासपीठावर बसला होता. ही मुक्ती जगभर किती दूरवर ऐकू गेली, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच.

आता ‘जॉन ब्राउनचा किल्ला’. हा किल्ला नव्हताच, शस्त्रागाराचा बंबखाना होता. आग विझवायचे बंब ठेवायची आणि पहारेकऱ्यांची १८४८ मधली विटांची बैठी इमारत, मोठी दारं, वर घंटेचा छोटा मनोरा. ब्राउन शेवटी तिच्यात कोंडला गेला म्हणून लोकांनी तिला किल्ला केलं. ही वास्तू जितकी फिरली तितकी क्वचितच कुठली फिरली असेल. १८९१ मध्ये ती विकत घेऊन, विटा सुट्या करून, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी नेली गेली. तिथे दहा दिवसांत अकरा प्रेक्षक आले. १८९५ मध्ये ती परत आली, पण तोवर मूळ जागेवर रेल्वेचा भराव पडला होता, म्हणून ती गावाबाहेर एका शेतात उभी राहिली. मघाचा भरावावरचा स्तंभ तिची मूळ जागा दाखवतो. घंटा तर केव्हाच गेली होती. युद्धात इथे आलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांनी ती काढून नेली आणि आजही ती मार्लबरो या त्यांच्या गावात टांगलेली आहे.

त्या शेतातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑगस्ट १९०६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या पूर्ण नागरी हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या चळवळीचं अधिवेशन स्टोररमध्ये भरलं. एके दिवशी पहाटे प्रतिनिधी रांगेनं त्या बंबखान्याकडे निघाले. पोचण्याआधी त्यांनी पायातले जोडे-मोजे काढले आणि उरलेली वाट अनवाणी चालले. पवित्र जागी जोडे काढून जाणं आपल्याला किती ओळखीचं आहे! विटांच्या त्या खोलीला तीर्थाचा मान मिळाला तो तिथेच. पुढे कॉलेजनं ती विकत घेतली आणि १९१० मध्ये टेकडीवर आणली. १९१८ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी तिच्यावर पाटी लावली : या राष्ट्राला स्वातंत्र्याचा नवा जन्म मिळावा म्हणून ब्राउन आणि त्याच्या २१ माणसांनी प्राण दिले. तपशिलात हे तंतोतंत नाही, पाच जण निसटले होते. पण पाटीवर ‘शौर्य’ हा शब्द आहे, आणि बंड की शौर्य या वादात ती कुठे उभी आहे ते त्या एका शब्दानं कळतं.

नेमक्या याच काळात यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामी राखणाऱ्या बाजूनं लढलेल्या सैनिकांच्या लेकी-नातींच्या संघटनेनं ‘इमानी गुलामां’च्या स्मारकांची मोहीम हाती घेतली होती. मुलं सांभाळणाऱ्या ‘इमानी’ दायांचं स्मारक राजधानीत उभारायचा ठराव १९२३ मध्ये सिनेटनं मंजूरही केला, पुढे तो अडला. हार्पर्स फेरीसाठी त्यांनी शेपर्ड निवडला. ब्राउननं मारलेला कृष्णवर्णीय, एवढंच त्यांना पुरेसं होतं. प्रस्ताव १९२०च्या सुमारास आला आणि दहा वर्षं रखडला. गावात वर्णावरून कटुता येईल अशी भीती होती. शेवटी एका खासगी मालकाच्या जागेवर १० ऑक्टोबर १९३१ रोजी शिळेचं अनावरण झालं.

मजकूर नीट वाचावा असा आहे. पहिल्या भागात शेपर्डला कष्टाळू, आदरणीय, मोकळा कृष्णवर्णीय म्हटलं आहे. कामावर असताना तो ‘बंडाच्या प्रयत्ना’चा पहिला बळी ठरला, असं म्हटलं आहे. ‘बंड’ हा शब्द सोडला तर इथवर तक्रार नाही. मग वाक्य वळतं. पुढच्या युद्धाच्या वर्षांत अनेक मोह समोर असूनही ज्या हजारो निग्रोंनी आपल्या वागण्याला डाग लागू दिला नाही, त्यांच्या स्वभावाचा आणि इमानाचा नमुना म्हणजे हा माणूस, असं शिळा सांगते.

मोह कसला? पळून जाण्याचा. मुक्त होण्याचा. उत्तरेच्या फौजेत भरती होण्याचा. सुमारे दोन लाख कृष्णवर्णीयांनी उत्तरेच्या लष्करात आणि नौदलात जाऊन तो ‘डाग’ लावून घेतला, असाच या वाक्याचा अर्थ होतो. आणि इमान कुणाशी? शेपर्डचा कुणी धनी नव्हता. त्याला पगार देणारी रेल्वे होती आणि तो पहारेकऱ्याला शोधत होता. गुलामीबद्दल, ब्राउनबद्दल किंवा पुढच्या युद्धाबद्दल त्याचं काय मत होतं, हे विचारायला कुणाला वेळच मिळाला नाही. युद्ध सुरू होण्याच्या दीड वर्ष आधी तो गेला होता. तरी दगडाच्या वरच्या ओळींत मोकळा असलेला माणूस खालच्या ओळींत मालकांना हव्या असलेल्या निष्ठेचं उदाहरण होतो. लोकांच्या बोलण्यात तर ते सरळ ‘इमानी गुलामाचं स्मारक’च झालं. मोकळ्या माणसाला मेल्यावर गुलाम करण्याचा हा प्रकार मला त्या पाठीतल्या गोळीपेक्षा कमी क्रूर वाटत नाही.

अनावरणाला स्टोररचे प्राचार्य हजर होते आणि कॉलेजच्या गायकवृंदानं गाणी म्हटली. गाणी संपल्यावर, कार्यक्रमपत्रिकेत नसताना, कॉलेजच्या संगीत शिक्षिका उभ्या राहिल्या. त्या कृष्णवर्णीय होत्या. माझे वडील कनेटिकटचे स्वयंसैनिक होते, उत्तरेच्या फौजेचा निळा गणवेश घालून ते माझ्या लोकांच्या स्वातंत्र्यासाठी लढले आणि त्या लढ्याचा पहिला घाव जॉन ब्राउननं घातला, अशा अर्थाचं त्या बोलल्या. समोर बसलेले बहुतेक जण दक्षिणेचे अभिमानी होते. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी प्राचार्यांवर कडक टीका केली.

पुढच्याच वर्षी, मे १९३२ मध्ये, नागरी हक्कांची सर्वांत मोठी राष्ट्रीय संघटना स्वतःची पाटी घेऊन स्टोररला आली. ती बंबखान्यावर बसवायची होती. मजकूर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचा होता : इथे जॉन ब्राउननं मानवी गुलामीवर असा घाव घातला की अपराधी राष्ट्र जागं झालं, त्याच्या क्रुसावर चढवलेल्या देहावरून दोन लाख कृष्णवर्णीय सैनिक आणि चाळीस लाख मुक्त माणसं गात पुढे गेली. कॉलेजच्या चालकांना हे फार तिखट वाटलं आणि त्यांनी पाटी लावू दिली नाही. इमानाची शिळा गावात बसली, स्वातंत्र्याची पाटी गाडीतून परत गेली. चालकांना देणग्यांची आणि शेजाऱ्यांची काळजी असेल, हे मी समजू शकतो. तरीही ज्या कॉलेजनं १९०६ साली आपली दारं उघडली होती, त्यानंच हे करावं याचं वाईट वाटतं.

१९४४ मध्ये कायद्यानं गावाच्या खालच्या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि १९६३ मध्ये त्याचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. मधल्या काळात, १९५५ मध्ये, स्टोरर बंद पडलं. वर्णभेदी शाळांविरुद्धचा निकाल आदल्याच वर्षी लागला होता आणि राज्यानं कॉलेजचं अनुदान थांबवलं. उद्यानानं परिसर घेतला, बंबखानाही घेतला आणि १९६८ मध्ये तो पुन्हा खाली, मूळ जागेपासून जेमतेम दीडशे फुटांवर आणून ठेवला. तो आज तिथेच आहे.

शिळाही आता उद्यानाच्या, म्हणजे सरकारच्या ताब्यात होती. १९७६ मध्ये शेजारच्या इमारतींची दुरुस्ती निघाली तेव्हा ती हलवून ठेवण्यात आली. १९८१ मध्ये ती जागेवर परत आली आणि लगेच तिच्यावर प्लायवूडची पेटी ठोकण्यात आली. कारण काळजीचं होतं : विरोध होईल, कुणीतरी शिळा विद्रूप करेल. पेटी तशीच चौदा वर्षं राहिली. लाखो पर्यटकांच्या वाटेवर लाकडी खोकं उभं, आणि आत काय आहे त्याचा पत्ता नाही.

ती पेटी ही उद्यानाची सगळ्यांत मोठी चूक होती, असं मला ठामपणे वाटतं. काढायची तर काढा, ठेवायची तर ठेवा आणि तिच्याबद्दल बोला. झाकल्यानं दोन्ही बाजूंना आपल्यावरच अन्याय झाला असं वाटत राहिलं, आणि ज्याच्या नावाची ती होती तो शेपर्ड तर साफ नाहीसा झाला. जून १९९५ मध्ये पेटी निघाली. शेजारी एक माहितीफलक आला. शिळा कुणी, का उभारली आणि तिला विरोध का झाला हे सांगून ‘दुसरी बाजू’ म्हणून त्यावर डुबॉइस यांचे १९३२चे शब्द छापले होते. शिळा उभारणारी संघटना फलकावर चिडली, नागरी हक्कांची संघटना शिळा पुन्हा दिसू लागली म्हणून चिडली. तरी निर्णय बरोबर होता. माझी तक्रार एवढीच की फलक दोन संघटनांच्या भांडणाबद्दल पुष्कळ बोलतो आणि रुळांवरून चालत गेलेल्या, विंचेस्टरला घर असलेल्या माणसाबद्दल फार थोडं.

दरम्यान बंबखान्याचं जुनं शेत २००२ मध्ये उद्यानात आलं. त्याच्या पायाचे दगड तिथे अजून दिसतात. आणि २००६ मध्ये, त्या अनवाणी चालीच्या शताब्दीच्या वर्षी, नाकारलेल्या पाटीचा मजकूर अखेर स्टोररच्या आवारात बसला, चौऱ्याहत्तर वर्षांनी. ती उभी आहे तिथे एके काळी बंबखाना होता. ज्या भिंतीवर ती लावायची होती ती भिंत मात्र टेकडी उतरून केव्हाच खाली गेलेली आहे, शेपर्डच्या शिळेपासून चार पावलांवर.