तबेल्यातला झोंबणारा वास म्हणजे हवेत उडणारं खत

बाल्कनीत बाग करणाऱ्या मुंबईकरांना एक सल्ला हमखास मिळतो : जवळच्या तबेल्यातून ताजं शेण आणा, कुंडीत घाला, मोगरा फुलांनी लगडेल. मग पानं पिवळी पडतात आणि दोष म्हशीवर जातो. 'म्हशीचं शेण उष्ण, देशी गाईचंच हवं होतं' असं सांगितलं जातं. हा समज निराधार आहे. शेणात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) किती उतरेल हे जनावराला वैरण आणि पेंड काय मिळते यावर ठरतं, वशिंड असण्या-नसण्यावर नाही. झाडाला बाधतो तो शेणाचा कच्चेपणा. कच्चं शेण कुंडीत कुजू लागलं की जिवाणू मुळांजवळचा ऑक्सिजन संपवतात आणि वर अमोनिया, म्हणजे नत्र असलेला झोंबणारा वायू, सोडतात. कोवळी मुळं त्यात होरपळतात.

या अमोनियाबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण गोठ्यातल्या खताचं सगळं गणित त्याच्याभोवती फिरतं.

दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या नत्रापैकी ढोबळमानाने पाव हिस्सा दुधात उतरतो. बहुतेक सगळा उरलेला नत्र मागून बाहेर पडतो, आणि त्यातला जवळपास निम्मा शेणात नसून मूत्रात असतो. पालाशचा तर बराच मोठा वाटा मूत्रातच. शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. तिथे किंवा उपनगरांतल्या कुठल्याही तबेल्यात सकाळी गेलात, तर पाइपने फरशी धुतात ती बघा. शेण फावड्याने बाजूला ओढलं जातं आणि मूत्र पाण्याबरोबर गटारात जातं. पुष्कळदा शेणही त्याच वाटेने ओशिवरा आणि दहिसर नद्यांपर्यंत पोचतं. शेतात जे अन्न झालं असतं, ते नदीत प्रदूषण होतं.

मूत्रातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. दुकानातल्या गोणीत असतो तोच रेणू. ताज्या मूत्राला झोंबणारा वास नसतो. पण शेणातल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. शेणाने माखलेल्या फरशीवर मूत्र पडलं की हे विकर काही तासांतच युरिया फोडतं आणि अमोनिया तयार होतो. आता पुढची गंमत नीट पाहा. पाण्यात अमोनियाचा रेणू एक हायड्रोजन आयन उचलून अमोनियम होऊ शकतो. अमोनियमवर धन भार असतो. तो उडून जात नाही, माती आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांच्या ऋण भाराला चिकटून बसतो. अमोनिया मात्र वायू, सुटला की गेला. दोघांचं प्रमाण ठरतं सामूवर, म्हणजे पीएचवर. सामू ७ असेल, तर १०० रेणूंमध्ये एखादाही मोकळा अमोनिया सापडत नाही. सामू ९ झाला की त्यातले तिसाहून अधिक उडायला मोकळे. आणि युरिया फुटण्याची क्रियाच सामू वाढवते, म्हणजे नत्र स्वतःच स्वतःला दार उघडून देतो. त्यात मे महिन्यातला उकाडा भर घालतो. तबेल्यात डोळ्यांना झोंबतं, ते हे उडणारं खत.

एवढं कळलं की जुन्या शेतकऱ्यांची पद्धत किती शहाणपणाची होती ते लक्षात येतं. जनावरांखाली भाताचा पेंढा अंथरायचा आणि भिजला की शेणासकट उकिरड्यात टाकायचा. पेंढा मूत्र शोषतो, शिवाय जिवाणूंना कार्बन पुरवतो. शरीर बांधायला आणि श्वसनाला मिळून त्यांना नत्राच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो. शेणात तो साधारण २० पट, भाताच्या पेंढ्यात ६० ते ८० पट. दोन्ही एकत्र आले की जिवाणू वाढतात आणि सुटा अमोनियम आपल्या प्रथिनांत बांधून टाकतात. नीट रचलेला, ओलसर आणि हवा खेळती असलेला ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. त्यात तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. अर्धवट कुजलेल्या खतातून मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या शेतात येतात, तो धोकाही पूर्ण कुजवल्याने पुष्कळ कमी होतो.

चुलीतली राख मात्र या ढिगावर टाकू नये. राख अल्कधर्मी असते, सामू वाढवते आणि बांधला जाणारा अमोनियम पुन्हा वायू होतो. राख थेट शेतात टाकावी, तिच्यातला पालाश तिथे कामाला येतो. पालघर-रायगडकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळतात, त्यातही नत्रच उडतो. तणाचं बी मरतं, स्फुरद-पालाश राखेत राहतो, शेणातला नत्र मात्र धुरात जातो.

शेणखत म्हणजे अमृत, असं सांगत फिरणाऱ्यांनी एक हिशेब करावा. चांगल्या शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत तो २० किलोंहून थोडा अधिक, म्हणजे चार टन खताइतका. शिवाय खतातला सगळा नत्र पहिल्या हंगामात पिकाला मिळत नाही, हळूहळू सुटतो. पण गोणी मातीत सेंद्रिय कर्ब घालत नाही, पाणी धरून ठेवत नाही. म्हणून गोठा असलेल्या घराने दोन्हींची सांगड घालावी. पावसाआधी खत शेतात नेलं, तर त्याचे ढीग उन्हात आठवडाभर पडू देऊ नयेत. पसरल्याच्या दिवशीच ते मातीत मिसळावं, कारण उघड्यावरच्या खतातून अमोनिया सर्वात जास्त जातो तो पहिल्या एक-दोन दिवसांत.