सेंटरिंगशिवाय उभा राहिलेला घुमट

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट म्हणजे रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराची नक्कल, असं सर्रास सांगितलं जातं. प्रबोधनकाळातल्या वास्तुकारांनी प्राचीन रोमचा ध्यास घेतला होता, हे खरं. पण पँथिऑनचा ४३ मीटर रुंद घुमट काँक्रीटचा, इ.स. १२५च्या सुमाराचा. तसं काँक्रीट ओतण्याची विद्या पुढे युरोपात मागे पडली. १४२० साली वास्तुकार फिलिपो ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सचं काम हाती घेतलं तेव्हा भिस्त होती ती विटांवर. जमिनीपासून ५० मीटरहून उंचावर सुरू होणारा, जवळपास पँथिऑनएवढाच रुंद आणि वर अष्टकोनी घुमट! एवढ्या उंचीवर सेंटरिंग, म्हणजे बांधकाम पेलणारा तात्पुरता लाकडी सांगाडा, लावायचं तर लाकूड आणायचं कुठून?

विटांचा आडवा थर गोलाकार पूर्ण झाला, की विटा एकमेकींना दाबून धरतात आणि तो थर पडत नाही. धोका असतो थर अर्धवट असताना. घुमट जसा वर जातो तसा उतार आत कलतो आणि ओल्या चुन्यावरची वीट घसरू लागते. ब्रुनेलेस्कीने ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी लावली. तिचं खालचं टोक आधीच्या, घट्ट झालेल्या थरांत अडकतं. दोन उभ्या विटांच्या मधल्या आडव्या विटा कपाटात दाबून बसवलेल्या पुस्तकांसारख्या जागीच राहतात. पुढच्या थरात उभी वीट थोडी सरकवायची. तसं करत गेलं, की माशाच्या काट्यासारखी नक्षी घुमटभर तिरकी चढत जाते. अशी रचना रोमन फरशांमध्येही आहे. इथे ती छत पेलते. शिवाय अष्टकोनाच्या भिंतीच्या जाडीत एक अखंड वर्तुळ मावतं, म्हणून गोल घुमटाचा नियम इथेही चालतो.

खालच्या भागात मात्र घुमट बाहेर फाकू पाहतो. त्यासाठी लोखंडी चिमट्यांनी सांधलेल्या दगडी साखळ्या आत गाडल्या आहेत. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळते, तशा.

ब्रुनेलेस्कीने आपली पद्धत लिहून ठेवली नाही, म्हणून 'हरवलेली गूढ विद्या' सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. गूढ काही नाही. तिथे आहे ते वजन, घर्षण आणि गवंड्यांचं नेमकं काम. १४३६ साली घुमट पुरा झाला.

घुमटाची दोन कवचं आहेत, एकात एक. त्यांच्या मधल्या अरुंद वाटेने ४६३ पायऱ्या चढताना त्या उभ्या विटा हाताच्या अंतरावर दिसतात.