एल-१० म्हणजे सरासरी आयुष्य नव्हे

बेअरिंगचा एल-१०, म्हणजे सूत्रातून येणारा आयुष्याचा आकडा, कसा काढायचा हे मेंटेनन्सच्या माणसाला सांगायची गरज नाही. सीला (कॅटलॉगमधली भारक्षमता) पीने (प्रत्यक्ष भार) भागायचं, बॉल असेल तर घन, रोलर असेल तर १०/३ घात, उत्तर दशलक्ष फेऱ्यांत. भार दुप्पट झाला की बॉल बेअरिंगचं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं, हेही पाठ असतं. घोळ होतो तो आलेल्या उत्तराचा अर्थ लावताना.

समजा वेगावरून फेऱ्यांचे तास केले आणि उत्तर आलं २०,००० तास. म्हणजे बेअरिंग ‘सरासरी’ तेवढं चालेल असं नाही, आणि तेवढ्याची हमी आहे असंही नाही. सारखी १०० बेअरिंगं सारख्याच भारावर फिरवली, तर तोवर त्यातली १० थकव्याने, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून धातूला तडे गेल्याने, गेलेली असतील, ९० चालू असतील. निम्मी जायला साधारण पाचपट वेळ लागतो, म्हणजे लाखभर तास. सरासरीही त्याच आसपास पडते. एकाच लॉटमधली बेअरिंगं इतकी मागेपुढे का जातात? तडा सुरू होतो पृष्ठभागाखाली, स्टीलमधल्या एखाद्या बारीक अशुद्ध कणापाशी, आणि तो कण कुठे बसलाय हे दर नगात वेगळं. तडा वर आला की रेसवरची, म्हणजे बॉल-रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावरची, खपली उडते. तिथे नख फिरवलं तर अडकतं. लुंडबर्ग आणि पामग्रेन या संशोधकांनी १९४७ मध्ये आयुष्याचं गणित मांडलं, ते वायबुल या संशोधकाच्या संभाव्यतेच्या मांडणीवर, ती याच विखुरलेपणासाठी.

तरीही रजिस्टरमध्ये एल-१० ची तारीख ‘एक्स्पायरी’ म्हणून लिहिलेली दिसते. मला याची फार चीड येते. ठणठणीत बेअरिंग उपटायचं आणि नवं हातोड्याने ठोकून बसवायचं, म्हणजे नव्यालाच जखम करायची.

दुसऱ्या बाजूची चूक, म्हणजे एल-१० वर फाजील भरवसा, जास्त महाग पडते. मशीनमध्ये अशी १० बेअरिंगं असतील, प्रत्येकाचा एल-१० २०,००० तास, तर तोवर एकही न जाण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, जेमतेम ३५ टक्के. एका बेअरिंगचा ९० टक्के भरवसा अख्ख्या मशीनला चिकटवता येत नाही. एकेका बेअरिंगवर ९९ टक्के भरवसा हवा असेल तर एल-१० चा पाव हिस्साच धरा.

हा सगळा हिशेब फक्त थकव्याचा. धूळ शिरली, ग्रीस सुकलं, फिट चुकलं, तर सूत्राचा संबंध उरत नाही. म्हणून बेअरिंग लवकर गेलं की कॅटलॉग उघडण्याआधी ते कापून रेस बघा.