पात्रवर्ग, चित्रपटप्रेरित

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र वठवण्याच्या खेळांत, खेळाडूच्या पात्राची कौशल्ये, शस्त्रे, मर्यादा आणि लेव्हलगणिक वाढणारी सामर्थ्ये ज्या ठरावीक साच्यात बसवलेली असतात, त्या साच्याला पात्रवर्ग किंवा नुसते ‘क्लास’ म्हणतात. ज्या वर्गांच्या घडणीत चित्रपटांचा, आणि क्वचित दूरचित्रवाणी मालिकांचा, वाटा असल्याचे सांगितले जाते, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (यापुढे डी अँड डी) हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक असे तीनच वर्ग होते. पुढील दोन वर्षांत पुरवण्या आणि नियतकालिके यांतून थीफ (चोर), पॅलाडिन (धर्मयोद्धा), मंक (भिक्षू), असॅसिन (मारेकरी), रेंजर (रानावनात वावरणारा योद्धा), इल्युजनिस्ट (आभास निर्माण करणारा जादूगार), बार्ड (शाहीर) आणि ड्रुइड (पशूंचे रूप घेऊ शकणारा निसर्गपूजक) यांची भर पडली. चित्रपटांच्या ऋणाविषयीचा बहुतेक वाद याच आरंभीच्या काळाभोवती फिरतो.

वादाचे मूळ साधनांच्या स्वरूपात आहे. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मधील (डंजन मास्टर म्हणजे खेळ चालवणारा) ‘अपेंडिक्स एन’ या प्रसिद्ध परिशिष्टात गायगॅक्स यांनी आपली प्रेरणास्थाने नोंदवली, परंतु ती यादी लेखकांची आणि त्यांच्या पुस्तकांची आहे. विज्ञानकथा, अद्भुतकथा व भयपट यांचा आपल्यावर मोठा प्रभाव होता, एवढे एक वाक्य प्रास्ताविकात येते, पण एकाही चित्रपटाचे नाव येत नाही. त्यामुळे चित्रपटांविषयीचे दावे मुख्यतः नंतरच्या मुलाखतींवर, सहखेळाडूंच्या आठवणींवर आणि दृश्यसाम्यावर उभे आहेत. यांपैकी दृश्यसाम्य हा सर्वांत कच्चा पुरावा होय. चित्रपट वर्गाच्या आधीचा असावा, रचनाकारापर्यंत तो पोहोचल्याची काही वाट दिसावी आणि केवळ वेशभूषेत नव्हे तर प्रत्यक्ष नियमात त्याची खूण सापडावी, अशी अपेक्षा ठेवली तर प्रचलित यादीतील बरीच नावे गळून पडतात.

क्लेरिकचा वाद

क्लेरिक हा चिलखत घालून लढणारा, जखमा बऱ्या करणारा आणि मृतयोनीतील प्राण्यांना परतवून लावणारा धर्मपुरुष. त्याचे मूळ आर्नसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळमोहिमेत आहे, ज्या मोहिमेचा आरंभ साधारणतः १९७१ च्या सुमारास मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात झाला, याबद्दल फारसे दुमत नाही. सहभागी खेळाडूंच्या आठवणींनुसार एका खेळाडूचे पात्र ‘सर फँग’ नावाचा रक्तपिपासू (व्हॅम्पायर) बनले आणि इतके बलिष्ठ झाले की त्याला आवर घालण्यासाठी प्रतिस्पर्धी पात्र आवश्यक ठरले. हे प्रतिपात्र ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’ (१९५८, दिग्दर्शक टेरेन्स फिशर) या चित्रपटात पीटर कुशिंग यांनी साकारलेल्या व्हॅन हेल्सिंग या रक्तपिपासूंच्या शिकाऱ्यावर बेतले, असे सामान्यतः मानले जाते.

या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की क्रूस, लसूण, आरसा ही सामग्री ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधील कादंबरीतही आहे, तेव्हा चित्रपटाची मध्यस्थी मानण्याचे कारण नाही. हा आक्षेप क्लेरिकच्या नियमांपुरता ग्राह्य वाटला, तरी त्याच संचातील रक्तपिपासूच्या वर्णनाने तो दुबळा होतो. १९७४ च्या नियमांत रक्तपिपासू थेट सूर्यप्रकाशाने, वाहत्या पाण्यात बुडवल्याने किंवा हृदयात लाकडी खुंटी ठोकल्याने मरतो. स्टोकरचा ड्रॅक्युला मात्र दिवसा वावरू शकतो आणि त्याचा अंत सुऱ्यांनी होतो. सूर्यकिरणांनी होणारा मृत्यू ही पडद्याची देणगी असून तिचे प्रसिद्ध आद्य उदाहरण म्हणजे मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेरातू’ (१९२२). हॅमरच्या चित्रपटातील अखेरच्या प्रसंगात व्हॅन हेल्सिंग पडदे फाडून ऊन आत घेतो आणि दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करतो. क्लेरिकच्या ‘टर्न अनडेड’ या सामर्थ्याचा ढाचा नेमका हाच आहे: चिन्ह उगारायचे आणि शत्रूला मागे हटवायचे. १९७४ च्या तक्त्यात ही कृती दोन फाशांच्या बेरजेवर ठरते आणि सांगाड्यांपासून रक्तपिपासूपर्यंत चढत्या क्रमाने अवघड होत जाते. शत्रू आणि प्रतिशत्रू दोघेही एकाच पडद्यावरून उतरले असावेत, हे मत त्यामुळे अधिक संभवनीय वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्हॅन हेल्सिंग हा डॉक्टर आहे, धर्मगुरू नाही. तो चिलखत घालत नाही आणि मंत्रही म्हणत नाही. क्लेरिकच्या मंत्रांपैकी काठ्यांचे साप करणे, पाणी दुभंगणे, कीटकांची धाड आणणे हे उघडच बायबलमधील निर्गमकथेतून आले आहेत. धारदार शस्त्र न वापरण्याच्या बंधनाचा संबंध ‘रोलाँचे गीत’ या जुन्या फ्रेंच काव्यातील आर्चबिशप टर्पिनशी किंवा बायोच्या कशिद्यात सोटा घेऊन दिसणाऱ्या बिशप ओडोशी जोडतात. टर्पिनची अल्मास नावाची तलवार काव्यातच वर्णिलेली असल्यामुळे या दोहोंपैकी ओडोचा दाखला बरा. लेव्हलनिहाय पदव्यांत तर ‘व्हिलेज प्रीस्ट’, ‘बिशप’ यांच्या रांगेत ‘लामा’ही बसवला आहे, यावरून हा वर्ग किती ठिगळांचा आहे ते दिसते. चित्रपटाने क्लेरिकला एक कृती दिली, बाकीचा देह इतरत्र जमला, असे म्हणणे पुराव्याशी सर्वाधिक जुळते. हा निष्कर्ष पुढील बऱ्याच वर्गांनाही कमीअधिक प्रमाणात लागू पडतो.

मंक

निःशस्त्र युद्धकलेत निपुण असा मंक १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीत आला. पुरवणी आर्नसन यांच्या नावावर असली, तरी या वर्गाचे श्रेय ब्रायन ब्लूम यांना दिले जाते. त्याच्यामागे ‘द डिस्ट्रॉयर’ ही कादंबरीमाला होती असे एक मत असून ते गायगॅक्स यांच्या नंतरच्या कथनांतूनही पुढे येते. दुसरे मत डेव्हिड कॅराडीन यांच्या ‘कुंग फू’ (१९७२–७५) या मालिकेकडे आणि ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) नंतरच्या लाटेकडे बोट दाखवते. कालक्रम दोन्ही मतांना अनुकूल आहे. काही लेखनात ‘शाओलिनचा ३६ वा कक्ष’ हा हाँगकाँगचा चित्रपटही मंकचा उगम म्हणून दिला जातो. तो १९७८ चा असल्याने हा दावा सोडून द्यावा लागतो.

नियमांकडे पाहता, वरच्या श्रेणीवर जाण्यासाठी ती पदवी धारण करणाऱ्या मंकाला द्वंद्वात हरवावे लागते, ही अट मालिकेतील शांत, भटक्या भिक्षूपेक्षा मार्शल आर्ट चित्रपटांतील गुरुकुलांच्या वैराशी अधिक जवळची आहे. ‘क्विव्हरिंग पाम’, म्हणजे स्पर्शानंतर काही काळाने शत्रूचा प्राण घेणारा तळहाताचा आघात, याचे धागे मात्र त्या काळी अमेरिकन कॉमिक पुस्तकांत छापून येणाऱ्या ‘मृत्युस्पर्श’ शिकवणीच्या जाहिरातींपर्यंतही नेता येतात. गायगॅक्स स्वतः कॉमिक पुस्तकांचे भोक्ते होते, हे येथे विसरू नये.

मंकच्या एका उपप्रकाराबाबत मात्र संशयाला जागा उरत नाही. २००१ च्या ‘सोर्ड अँड फिस्ट’ या पुस्तकातील ‘ड्रंकन मास्टर’ हा प्रेस्टिज क्लास (ठरावीक अटी पूर्ण केल्यावरच घेता येणारा पुढचा वर्ग) जॅकी चॅन यांच्या १९७८ च्या चित्रपटाचे नावच धारण करतो आणि बाटल्या, खुर्च्या, हाताला येईल ती वस्तू शस्त्र म्हणून वापरण्याचे नियमही त्याच पठडीतले आहेत. २०१७ च्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’मध्ये हा प्रकार मंकची उपशाखा म्हणून परतला, तेथे डुलणे उरले, प्रत्यक्ष मद्यपानाची गरज उरली नाही.

बार्बेरियन

जॉन मिलियस दिग्दर्शित ‘कोनान द बार्बेरियन’ अमेरिकेत मे १९८२ मध्ये प्रदर्शित झाला आणि गायगॅक्स यांचा बार्बेरियन ‘ड्रॅगन’ मासिकाच्या जुलै १९८२ च्या अंकात छापून आला. या सान्निध्यामुळे चित्रपट हेच कारण असे सरसकट लिहिले जाते. चित्रपटाच्या प्रसिद्धीचा लाभ घेण्याचा हेतू असणे शक्य आहे. तथापि वर्गाचे नियम पाहिले तर जादूविषयीचा तिटकारा, रानावनातील कौशल्ये आणि आडदांड काटकपणा यांवर भर आहे, आणि या गोष्टी रॉबर्ट ई. हॉवर्ड यांच्या १९३२ पासूनच्या कथांत भरपूर आहेत. हॉवर्ड अपेंडिक्स एनमध्येही आहेत. चित्रपटातील कोनान लहानपणी गुलाम होतो, अवाढव्य चाक ढकलतो आणि आखाड्यात लढायला शिकतो. या चरित्राची कसलीच खूण वर्गात नाही. आज बार्बेरियनची ओळख बनलेला ‘रेज’ (लढताना येणारा बेभान संताप) हा मूळ वर्गात नव्हता, तो २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत वर्गाचा गाभा झाला. चित्रपटाचा निश्चित परिणाम व्यापारात दिसतो: डी अँड डी प्रकाशित करणाऱ्या टीएसआर कंपनीने १९८४ मध्ये कोनानवरील साहसकथा आणि १९८५ मध्ये स्वतंत्र खेळ काढला.

थीफ आणि रेंजर

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीतील थीफचा वाङ्मयीन पूर्वज म्हणून फ्रिट्झ लायबर यांच्या कथांतील ग्रे माउझर हा नायक सर्वमान्य आहे. भिंती चढणारा, खिसे कापणारा, हसतमुख चोर अमेरिकन प्रेक्षकांना पडद्यावर या वर्गाच्या कितीतरी आधी भेटला होता: ‘द थीफ ऑफ बगदाद’च्या १९२४ च्या आवृत्तीत डग्लस फेअरबँक्स आणि १९४० च्या आवृत्तीत म्हैसूर संस्थानातून गेलेला साबू. साबूने महाकाय मूर्तीवर चढून सर्वदर्शी रत्न चोरण्याचा प्रसंग खेळातील कोणत्याही डंजनमध्ये (धोक्यांनी भरलेल्या भुयारात) शोभेल असा आहे, पण थेट ऋणाचा पुरावा म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

त्याच साबूने १९४२ च्या ‘जंगल बुक’मध्ये मोगली साकारला. किपलिंगच्या मोगलीकथांचे सिवनीचे जंगल नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. प्राणी सोबती असलेला रेंजर समजावून सांगताना विदर्भातील वाचकाला मोगली आठवणे स्वाभाविक असले, तरी १९७५ चा मूळ रेंजर टोल्किनच्या आरागॉर्नवरून, म्हणजे पुस्तकावरून, घडला आणि त्यात माग काढणे व स्फटिकगोलातून दूरचे पाहणे यांना महत्त्व होते. २०१४ च्या आवृत्तीतील ‘बीस्ट मास्टर’ या उपशाखेचे नाव १९८२ च्या चित्रपटाशी जुळते. तो चित्रपट आंद्रे नॉर्टन यांच्या १९५९ मधील कादंबरीवर सैलपणे आधारलेला होता आणि याच नॉर्टन यांनी १९७८ मध्ये ‘क्वॅग कीप’ ही डी अँड डीच्या विश्वातील पहिली मानली जाणारी कादंबरी लिहिली. पुस्तक, खेळ आणि चित्रपट यांचा गुंता येथे इतका घट्ट आहे की कोणी कोणाकडून घेतले हा प्रश्नच फारसा उपयोगी राहत नाही.

इतर खेळ

चित्रपटाचा अधिकृत परवाना असलेल्या खेळांत वाद नसतो. वेस्ट एंड गेम्सच्या १९८७ च्या ‘स्टार वॉर्स’ खेळात वर्गांऐवजी तस्कर, इनामी शिकारी असे तयार साचे होते. २००० च्या विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या आवृत्तीत जेडाय गार्डियन, स्काउंड्रल, नोबल असे रीतसर वर्ग झाले. रॉबिन डी. लॉज यांच्या ‘फेंग शुई’ (१९९६) या खेळाने संपूर्ण हाँगकाँग अॅक्शनपटच आधाराला घेतला. त्यातील बंडखोर पोलीस, भाडोत्री मारेकरी, म्हातारा गुरू आणि भूत ही पात्रे चित्रपटप्रकाराची जणू पात्रयादीच आहे. माइक पॉन्डस्मिथ यांच्या ‘सायबरपंक’ (१९८८) वर ‘ब्लेड रनर’ या चित्रपटाची छाया मान्य आहे.

उलट दिशेचा प्रवासही घडतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स: ऑनर अमंग थीव्ज’ (२०२३) या चित्रपटातील प्रत्येक मुख्य पात्र वर्गावरून ओळखता येते. त्यातील ड्रुइड घुबडअस्वलाचे रूप घेते, जे नियमांना धरून नाही, कारण तो प्राणी पशूंत नव्हे तर अद्भुत राक्षसांत मोडतो. अनेक डंजन मास्टरांनी त्यानंतर ही सूट खेळाडूंना देऊन टाकली.

नागपूर व मराठी संदर्भ

नागपुरात हे खेळ बहुधा महाविद्यालयीन तरुणांच्या छोट्या गटांत, कोणाच्या तरी घरी खेळले जातात. नियमांतील संज्ञा इंग्रजीच राहतात आणि कथन मराठी-हिंदी मिश्रणात चालते. नव्या खेळाडूला वर्ग समजावताना ‘शोले’ (१९७५) सोयीचा ठरतो, आणि त्यामागे परंपराही आहे: भाडोत्री लढवय्यांनी गाव राखण्याची ही कथा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराय’ (१९५४) च्या घराण्यातली आहे, आणि १९८५ च्या ‘ओरिएंटल अॅडव्हेंचर्स’मधील सामुराय, बुशी, केन्साय या वर्गांच्या चर्चेतही त्याच चित्रपटाचे नाव घेतले जाते.

घरगुती वर्ग रचताना गोंड पात्रांना आपसूक ड्रुइड किंवा बार्बेरियन करण्याचा मोह टाळावा. ज्या नागपूर शहराचा पाया अठराव्या शतकाच्या आरंभी बख्त बुलंद शाह या गोंड राजाने घातला, तेथे फायटर, पॅलाडिन किंवा नोबल हे वर्ग तितकेच योग्य आहेत. मराठी ऐतिहासिक चित्रपटांपैकी लाल महालावरील छाप्याची कथा सांगणारा ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) वर्गरचनेच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण त्यातील बहिर्जी नाईक हा लढवय्या कमी आणि वेषांतर, बातमी व वाट काढणे यांत तरबेज असा हेर आहे. प्रचलित नियमांत त्याला असॅसिन म्हणावे तर अकस्मात हल्ल्याला अवास्तव महत्त्व येते. ‘रोग’ (Rogue, म्हणजे थीफचा आजचा अवतार) या वर्गाच्या ‘मास्टरमाइंड’ या उपशाखेत तो अधिक नीट बसतो. तेथे नक्कल, बोलीभाषा आणि साथीदाराला दुरून मदत करणे यांचे नियम तयारच आहेत.